आत्याचे तीन खाडे

आत्या, वसंताने पेपरात तुझ्या फोटोखाली चार ओळी दिल्या. कष्टाळू, प्रेमळ, सोशिक. 'सोशिक' वाचलं आणि मला हसू फुटलं. घरात माणसं बसलेली, आणि मी तोंडाला पदर लावून हसतेय. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला. तू असतीस तर लांबूनच ओळखलं असतंस आणि डोळे वटारले असतेस.

चार ओळींत काय मावणार म्हणा. पण एक गोष्ट राहिलीच. परळ-लालबागात कॉलेजच्या बास्केटबॉलसाठी गिरणीत खाडा करणारी बाई तू एकटीच होतीस. खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. तुझे यजमान गेल्यावर तू वायंडिंग खात्यात लागलीस, सुताच्या बॉबिनी भरत उभी राहिलीस, तापात गेलीस, पाय सुजला तरी गेलीस. इतक्या वर्षांत खाडे केलेस तीन. तिन्ही शनिवारचे. तिन्ही बास्केटबॉलचे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. दिवसाआड मोर्चा, भिंतीभिंतीवर चुन्याने लिहिलेलं. अशात तुझा मुलगा वसंता कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गेला. भोईवाड्याच्या शाळेत कुणीतरी खांबाला लोखंडी रिंग ठोकली होती, तिच्याखाली तो लहानपणापासून उड्या मारायचा. चाळीला हुतूतू कळायचा. हा खेळ कुणाला कळेना. गॅलरीतून लोक विचारायचे, "टोपलीक तळ नाय, मग ती भरतली कधी?" तू उलट विचारायचीस, "तुमच्या डोक्याक तरी तळ आसा काय?"

मी त्याच कॉलेजात वसंताच्या मागे एक वर्ष. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली मुलगी, आणि खेळाचं वेड वसंतापेक्षा मलाच जास्त. मुलींचा संघ नव्हता. असता तरी बाबांनी खेळू दिलं नसतं. कॉलेजांची अजिंक्यपदाची स्पर्धा दरवर्षी वेगळ्या गावी व्हायची, शनिवारी उपांत्य सामने आणि रविवारी अंतिम. पहिल्या वर्षी पुणं होतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पोरांच्या घोळक्यात पोरगी? जावची नाय."

तू दारात भाजी निवडत बसली होतीस. मान वर न करता आपल्या भावाला म्हणालीस, "घोळक्यात माझो झील वसंता आसा. सोबतीक मी आसंय. तुका तिसरो कोण व्हयो?"

"तुका काय कळता गो त्या खेळातला?"

"तुका हुतूतू कळता. कधी कोणाक धरलंस?"

 अशी मी तुझ्या सोबतीने निघाले आणि तू माझ्या. तुला स्टेशनांच्या पाट्या वाचून दाखवायला मी, आणि मला चार लोकांत अब्रूने बसवायला तू. वाटायचं, मी तुला नेतेय. तिकीट माझ्या हातात असायचं म्हणून तसं वाटायचं.

पुण्याला मला पहिल्यांदा कळलं की तू खात्यात कशी बोलतेस. एवढ्या यंत्रांच्या घरघराटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही बायका ओठ वाचायच्या आणि हातांनी बोलायच्या. डावा हात छातीशी म्हणजे डावी ओळ. बोटं मिटून-उघडून यंत्राचा नंबर. मुठीवर मूठ म्हणजे मुकादम येतोय. वसंता हे सगळं तुझ्या मांडीवरच शिकला होता. सामना रंगात आलेला, आणि तू समोरच्या कठड्यामागून त्याला खुणा करतेयस. संघातली मुलं घाबरली. एकाने मला येऊन विचारलं, "ताई, वसंताच्या आईंना काही होतंय का?"

"काही नाही," मी म्हटलं. "नाक पूस म्हणतायत त्याला."

त्याच सामन्यात तू मोर्च्यातला आवाज लावलास. "बास्केट झालाच पाहिजे!" पुणेकर आधी हसले, मग अर्धं मैदान तुझ्यामागे ओरडायला लागलं. आपण उपांत्य सामना हरलो आणि परत येताना तू सगळ्या संघाला मालवणी खाजं वाटलंस. आमचे सर म्हणाले, "आई, पुढच्या वर्षीही या." तू लाजलीस. तुला लाजताना मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक.

दुसऱ्या वर्षी बडोदं. तिथे तू मला बिघडवलंस. सामना चालू असताना लांबची माणसं काय बोलतात ते माझ्या कानात सांगायला लागलीस. तुझ्या खात्याचा मास्तर गुजराती, त्यामुळे तुला गुजराती ओठही वाचता यायचे. "तो शिटी फुकणारो बघ. म्हणता, पाय दुखतंत, लवकर संपवा." मग, "तो लांब नाकाचो पोरगो आमच्या सरांक टकलो म्हणता." मी हसून हसून बेजार. खेळातलं अर्धं माझं लक्ष गेलं. तेव्हाही आपण हरलो, पण मी म्हटलं, आत्या, तुझ्याबरोबर हरायलाही मजा येते.

आणि मग अहमदाबाद.

स्टेशनबाहेर पडलो तर समोर धुराडी. तू थांबलीस, नाक वर केलंस. "ह्यां तर परळच गो." भोंगा झाला, बायका डबे घेऊन निघाल्या, आणि तू त्यांच्या चालण्यावरून सांगायला लागलीस, ही वायंडिंगची, ही रिळांची. मुंबईहून आलेली मराठी पोरं एकमेकांना चिकटून चालत होती. दिवसच तसे होते. आम्हाला ते मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य नको होतं, तिथल्या लोकांनाही नको होतं, आणि दोघंही एकमेकांवर चिडलेले. सरांनी आदल्या दिवशीच तुझ्यापुढे हात जोडले होते. "आई, तिथे घोषणा नको."

"तोंड शिवून बसतंय," तू म्हणालीस.

शिवलेलं तोंड पाच मिनिटं टिकलं. शेजारी एक बाई बसली होती, मणीबेन. तीही गिरणीतली. तिने विचारलं, "तमारो छोकरो कयो?" तू वसंताकडे बोट केलंस. तिने बाकावर बसलेल्या एका बुटक्या मुलाकडे केलं. शनिवारभर तो बाकावरच बसून होता. मणीबेन म्हणाली, त्यांनाही वेगळं राज्य हवंय. तू मांडीवर थाप मारलीस. "मग झाला! दोघांकय वेगळा व्हया, मग भांडण खंयचा?" खाजं तिच्याकडे गेलं, गाठिया आपल्याकडे आल्या.

शनिवारी आपण जिंकलो. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा अंतिम फेरी, समोर मणीबेनच्या मुलाचा संघ. रविवारी विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे दोघे गृहस्थ टेबलाशी बसले होते. सरांनी मला सांगितलं होतं, आज जिंकलो तर वसंता निवडला गेलाच म्हणून समज. विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलाला मोठ्या कंपन्या बोलावून नोकरी देत. तुला हे ठाऊक होतं. मीच तुला सांगितलं होतं, दोन वेळा.

शेवटची काही सेकंदं राहिली. फळ्यावर खडूने आपले सत्तेचाळीस, त्यांचे सेहेचाळीस. चेंडू त्यांचा. त्यांनी खेळ थांबवून घेतला. त्यांचे सर बाकावर चढून सगळ्यांच्या डोक्यांवरून बोलू लागले. मणीबेनचा मुलगा जर्सी सारखी करत उठला.

तू माझा दंड धरलास. ते अजून सांगतच होते आणि इकडे तू बोललीस. "त्या उंचाक देतले असा दाखवतले. आनि बॉल देतले बुटक्याक. डाव्या कोपऱ्यात."

"आत्या, सांग! वसंताला सांग!"

वसंता त्या उंच मुलाला धरून होता. तो डावीकडे सरकला असता तर संपलंच होतं. मी उठून उभी राहिले आणि नरडं फुटेस्तोवर ओरडले, "वसंताऽऽ!" त्याने आपल्या दोघींकडे पाहिलं. एक क्षण. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. मी वळून तुझ्याकडे बघितलं तर तुझे दोन्ही हात पदराखाली.

शिटी झाली. सगळं तू म्हणालीस तसंच. चेंडू उंच्याकडे जातोय असं वाटलं, वसंता त्याच्या अंगावर, आणि डाव्या कोपऱ्यात बुटका एकटा. त्याने दोन्ही हातांनी फेकला. रिंगवर एकदा नाचला आणि आत पडला.

मणीबेन रडत तुझ्या गळ्यात पडली. तू तिची पाठ थोपटत होतीस. मला ते बघवेना.

परतीच्या गाडीत पोरं एकमेकांवर घसरली. एकाने मध्येच दोन फ्री थ्रो चुकवले होते, त्याला कुणीतरी म्हणालं, "गुजरातला विकला गेलास." तो मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला तो दादर येईपर्यंत. तेव्हा असं बोललं जायचं आणि ते चिकटायचं. मी तुझ्या शेजारी. हळू आवाजात पण दात खाऊन विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"मी सांगूक नाय."

"तेच विचारतेय. का?"

"माका वाटला नाय."

मग मी म्हटलं ते म्हटलं. "अडाणी ती अडाणीच राहिलीस." मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि मला वाटायचं, शहाणपण फक्त पुस्तकांतून येतं. तू माझ्याकडे पाहिलंस. चिडली नाहीस, याचाच मला जास्त राग आला. म्हणालीस, "तुका लिवूक येता, माका बघूक येता. आता दोघांय गप बसूया."

वसंताची निवड झाली नाही. तो बी.ए. झाला, एका कंपनीत कारकून म्हणून चिकटला, रविवारी पोरांना खेळ शिकवत राहिला. तू मात्र त्या सोमवारी चाळीत अशी शिरलीस की लोकांना वाटलं आपण जिंकूनच आलो. "आमचो वसंता बघूक व्हयो होतो!" प्रत्येक दारात तेच. मला वाटलं, ह्या बाईला हार-जीत कळतच नाही.

पुढच्या वर्षी मी पदवीधर झाले. फोटो काढायला झगा भाड्याने आणला होता. तू त्याची बाही बोटांत धरून चोळलीस, उजेडाकडे नेलीस. "सूत जाडा आसा," म्हणालीस. "मोठ्या लोकांक असला देतंत?" मग मला तो घालून भोईवाड्याच्या कोपऱ्यापासून चाळीपर्यंत चालवलंस आणि स्वतः चार पावलं मागे. कुणी विचारलं, ही कोण वकील, की तू लाजायचीस. ते दुसऱ्यांदा. उत्तर द्यायचीस, "आमच्या घरातली." नाव नाही, नातं नाही, फक्त आमच्या घरातली. त्या दिवसाइतकी मी पुढे कधी उंच झाले नाही. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, तरी नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबागपासून परळपर्यंत गुलाल. तू मला एक कार्ड लिहायला लावलंस, मणीबेनला. "तुमचं झालं, आमचंही झालं. मुलगा कसा आहे?" तिचं उत्तर तिच्या मुलाने लिहिलं. तो अजून खेळत होता. तू ते कार्ड देवाच्या फळीवर ठेवलंस आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. "त्याचं कौतुक! आपल्या वसंताचं काय?"

भांडण असं चाळीस वर्षं चाललं, आत्या. गणपतीत मोदक वळताना, वसंताच्या लग्नात, माझ्या मुलीच्या बारशाला. प्रत्येक वेळी तू वेगळं कारण द्यायचीस. एकदा म्हणालीस, सूर्य डोळ्यांवर होता, नीट दिसलं नाही. मी म्हटलं, मग मला कसं सांगितलंस? दुसऱ्यांदा म्हणालीस, तिच्या पोराच्या हातात एकदा तरी बॉल येऊ दे म्हटलं, दोन दिवस बसून होता बिचारा. मी म्हटलं, म्हणजे परक्याच्या पोरासाठी स्वतःच्या पोराला खड्ड्यात घातलंस. एकदा चक्क म्हणालीस, मास्तरचा नि मुकादमाचा बोलणा वाचला ता पोटासाठी, खेळात तसला करूचा नाय. हे कारण मला पटलं होतं. मनातल्या मनात. तुला तसं सांगितलं नाही. मोठेपणा तुझ्याकडे गेला असता ना.

'अडाणी' हा शब्दही मी मागे घेतला नाही. दरवेळी वाटायचं, पुढच्या खेपेला. मुलांना मी वर्गात सांगायचे, चुकलात तर तिथल्या तिथे कबूल करा.

परवा तुझा दहावा झाला. सगळे गेले, वसंता आणि मी गॅलरीत बसलो. केस पांढरे झालेत त्याचे, गुडघे गेलेत. मला राहवेना. म्हटलं, "वसंता, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. अहमदाबादला शेवटी काय होणार, ते आत्याला ठाऊक होतं. तिने त्यांच्या सरांचे ओठ वाचले होते. तिने तुला सांगितलं नाही."

 तो हसायला लागला.

"कोण म्हणतं सांगितलं नाही?"

"म्हणजे?"

"तू केवढ्याने ओरडलीस. मी बघितलं तर आईचा हात छातीशी. डावा. आणि दुसरा हात खालच्या कोपऱ्याकडे. एवढी मोठी खूण तिने खात्यातसुद्धा कधी केली नसेल."

"मग तू नाडी..."

"मग काय करू? ओठ वाचून मिळवलेलं होतं ते. त्यांच्या सरांनी आपल्या पोरांना सांगितलेलं, ते मी घेऊन खेळू? मी खाली वाकलो. म्हटलं, उंच्याला धरून होतो, उंच्यालाच धरणार. पुन्हा वर बघितलं तेव्हा तिने हात पदराखाली घेतले होते."

"कुणाला बोलला नाहीस?"

"काय बोलू? आई लबाडी करत होती म्हणू? आणि मला ठाऊक असताना मी कोपरा मोकळा सोडला म्हणू? त्या दिवसांत? गाडीत फ्री थ्रो चुकवलेल्या पोराचं काय झालं ते बघितलंस ना."

"ती तुला कधी बोलली?"

"दादरला उतरताना. माझी पिशवी हातात देताना म्हणाली, बरा केलंस. तेवढंच. पुन्हा कधी विषय नाही."

आत्या, मी तिथेच बसून राहिले. म्हणजे तू सांगत होतीस! चाळीस वर्षं मी तुला विचारतेय, का नाही सांगितलंस, आणि तू सूर्याचं, मणीबेनच्या पोराचं, पोटाचं सांगतेयस! तू दोन्ही हातांनी सांगत होतीस. मुलाला निवडून आणायला तू लबाडी करायला निघाली होतीस, आणि मुलाने मान खाली घातली. तुझ्या देखत, भर मैदानात. तेवढ्याने तू खूश झालीस आणि सगळा दोष उचलून स्वतःच्या अंगावर घेतलास, म्हणजे त्याच्याकडे कुणी वळून बघायला नको. अडाणी तर अडाणी म्हणून घेतलंस, आणि तेही माझ्याकडून. आत्या, मला माफ कर. हे फार उशिरा म्हणतेय, ते कळतंय मला.

वसंताला म्हटलं, मी हे लिहू का? तो म्हणाला, लिही, आता मला कोण संघातून काढणार आहे. माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, आजी फसवत होती की काय? मी म्हटलं, हो, तुझी आजी फसवत होती, आणि तुझा मामा फसला नाही. दोघंही आपल्याच घरातले.

पण भांडण मिटलं असं समजू नकोस. आता माझा प्रश्न दुसरा आहे. जगाला सांगितलं नाहीस ते ठीक. मला का नाही सांगितलंस? मी तिन्ही वेळा तुझ्या शेजारी बसलेली. मी काय परकी होते?

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. हिच्या पोटात राहिलं नसतं म्हणशील. बरोबर आहे, नसतंच राहिलं. मला कळून दोनच दिवस झालेत, आणि बघ, सगळं लिहून बसलेय.